खातं मुलाचं, नंबर वडिलांचा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कॉलेजात प्रोजेक्टचे दिवस सुरू होतात. शेवटच्या वर्षाची कॉमर्सची मुलं विषयांची यादी घेऊन स्टाफरूमशी येतात आणि त्या यादीत एक विषय हटकून असतो: विद्यार्थी मोबाइल वॉलेट का वापरतात? हा विषय मी आनंदाने घेते. मुलांना तो आपला वाटतो, आणि वहीत उत्तर तयार असलं तरी निवांत बोलायला बसलं की त्यातून वेगळंच काही निघतं.

वहीतलं उत्तर साधारण असं असतं: सोय होते, वेळ वाचतो, मित्र वापरतात, सुरुवातीला कॅशबॅक मिळायचा. यातलं काहीच खोटं नाही. सुट्ट्या पैशांअभावी दुकानदाराने हातावर गोळ्या-चॉकलेटं टेकवण्याचे दिवस या मुलांनी शाळेत असताना पाहिलेत. आता नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर फोन स्कॅनरसमोर धरला की स्पीकरची डबी रक्कम बोलते आणि विषय संपतो. ऑगस्ट 2025 या एका महिन्यात देशभर यूपीआयचे 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यात हा चहाही आला.

पण प्रश्नावली कुठून आली तेही मी मुलांना मुद्दाम दाखवते. 1989 मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी टोरांटोतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसातल्या ई-मेलबद्दल विचारलं होतं. ती तुम्हाला उपयोगाची वाटते का, वापरायला सोपी वाटते का? या दोन गोष्टी कळल्या की माणूस नवं तंत्र वापरेल की नाही याचा बराचसा अंदाज येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. 2003 मध्ये विश्वनाथ व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सुविधा जोडल्या, 2012 मध्ये मजा, किंमत आणि सवय. मोठं काम आहे हे, आणि जगभरातले प्रोजेक्ट त्यावरच उभे राहतात. तरी मला त्यात एक जागा रिकामी दिसते. ई-मेल पाठवताना त्या कर्मचाऱ्याच्या खिशातून काहीच जात नव्हतं. नाशिकला खोली करून राहणारा मुलगा मात्र पैसे खर्च करतो, आणि ते त्याने कमावलेले नसतात. पैसे कोणाचे आणि ते जाताना कोण बघतंय, हे प्रश्न त्या चौकटीत येत नाहीत. विद्यार्थ्याचं सगळं तिथूनच सुरू होतं, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

पहिल्या वर्षाला आलेला कळवण, चांदवड किंवा सुरगाण्याकडचा मुलगा घ्या. त्याचं बँकेत खातं असतं. शाळेत शिष्यवृत्तीसाठी तालुक्याच्या शाखेत ते काढलेलं असतं. त्या वेळी घरात एकच मोबाइल होता, म्हणून फॉर्मवर नंबर पडला वडिलांचा. कधी काकांचा, कधी आता बंद पडलेल्या सिमचा. कॉलेजात आल्यावर हातात स्वतःचा फोन येतो, स्वतःचा नंबर येतो. मग यूपीआय सुरू करायला जावं तर अ‍ॅप फोनमधल्या सिमवरून बँकेला एक मेसेज पाठवतं, बँक आपल्याकडचा नंबर ताडून पाहते आणि नोंद सापडत नाही म्हणून सांगते. बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, ही यूपीआयची पहिली अट. सुरक्षिततेसाठी ती योग्यच आहे. पण त्या मुलाचं सिम एका फोनमध्ये आणि बँकेतली नोंद दुसऱ्याच फोनच्या नावावर. नंबर बदलायला कामाच्या दिवशी गावाकडच्या शाखेत जायचं म्हणजे एक दिवस बुडवायचा. खातं अल्पवयीन असताना काढलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने सही आणि कागदपत्रंही द्यावी लागतात.

अशा मुलाला वॉलेट हा मधला रस्ता सापडतो. वॉलेटमध्ये पैसे आधी भरून ठेवायचे असतात. ते बँकेच्या खात्यातून प्रत्येक वेळी निघत नाहीत. कमीत कमी माहिती देऊन उघडलेल्या वॉलेटमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 10,000 रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि ते फक्त खरेदीला चालतात. त्याला नंबर स्वतःचा लागतो, बँकेतला नव्हे. भरताना डेबिट कार्डाचा ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो, तेवढा एक फोन करायचा. "बाबा, एक नंबर आला असेल, सांगा." वडील आकडे एकेक करून वाचून दाखवतात आणि पुढचे पंधरा दिवस पोरगं मोकळं.

मोकळं म्हणजे काय, हे निफाडकडच्या एका मुलाने मला समजावून सांगितलं. त्याच्या खात्याचे मेसेज वडिलांना जात. वडील द्राक्षबागेत असत आणि प्रत्येक मेसेज बघत. "मॅडम, शनिवारी मिसळ खाल्ली की रविवारी सकाळी फोन. काय रे, दीडशे कशाला गेले? रागावून नाही विचारायचे, सहजच विचारायचे. पण मी आठवडाभर विचार करायचो, सांगायचं काय." मिसळ खाणं हा काही गुन्हा नव्हे आणि नाशिकमध्ये तर मुळीच नव्हे. पण ज्या घरात या वर्षी औषध फवारणीचं बिल उधारीवर आहे, त्या घरात दीडशे रुपयांची मिसळ बोलून दाखवायला जीभ रेटत नाही. मग त्याने वॉलेट घेतलं. महिन्याला एकदा पंधराशे रुपये भरायचे. वडिलांना एकच मेसेज जाई, विचारलं तर तो सांगे "मेसचे", आणि ते बहुतांशी खरंच मेसचे असत.

यात लपवाछपवी आहे, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी माणसाला थोडा खर्च स्वतःच्या मनाने करून बघावा लागतो, चुकलाच तर स्वतःशीच सावरावा लागतो. आमच्या पिढीत घरून मनीऑर्डर यायची किंवा एसटीने येणाऱ्या कोणाच्या तरी हातून पाकीट यायचं. महिन्याच्या पैशातली चहा-भजी घरी कळायची नाही, कारण रोख रकमेला तोंड नसतं. बँकेच्या मेसेजने ती मोकळीक काढून घेतली आणि मुलांनी ती वॉलेटच्या वाटेने परत मिळवली. प्रश्नावलीतल्या "सोय" या खान्यावर टिचकी मारताना यातल्या कितीतरी मुलांच्या मनात हेच असतं, पण तो खाना त्यांना हे लिहू देत नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये आलेलं यूपीआय लाइट (यूपीआय अ‍ॅपमध्येच थोडे पैसे आधी भरून ठेवायची सोय) मुलांनी इतक्या पटकन का उचललं, याचाही उलगडा मला यातूनच होतो. पिन लागत नाही, हे जाहिरातीतलं कारण. एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत आणि शिल्लक जास्तीत जास्त 5,000, ही त्याची आताची मर्यादा. पण मुलांना त्यातली दुसरीच गोष्ट आवडते: पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, त्यातून झालेले चहा, झेरॉक्स, बसचं तिकीट यांच्या ओळी उमटत नाहीत. बँकांच्या दृष्टीने यामुळे यंत्रणेवरचा ताण कमी होतो. मुलाच्या दृष्टीने वडील पासबुक भरायला गेले तर घरात प्रश्न कमी निघतात.

उलट दिशेचीही सोय आली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालेल्या यूपीआय सर्कलमध्ये खातं वडिलांचंच राहतं आणि मुलाला त्यातून खर्च करायची मुभा देता येते. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला 15,000 रुपयांपर्यंत, नाही तर प्रत्येक खर्चाला वडिलांची मंजुरी. पालकांना ती पसंत पडते. वर्गात मी विचारलं तेव्हा मुलं एकमेकांकडे बघून गप्प राहिली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे म्हणजे बाबा सोबत दुकानात आल्यासारखंच."

मुलींचं आणखी वेगळं आहे आणि त्यावर प्रोजेक्टमध्ये कधी एक ओळही नसते. आपण ज्याला पैसे पाठवतो त्याला आपलं नाव दिसतं आणि यूपीआय आयडी मोबाइल नंबराचाच बनलेला असला तर नंबरही कळतो. रिक्षाचे तीस रुपये दिले आणि रात्री अनोळखी माणसाचा "हाय" आला, असं मला एकीने नव्हे, अनेकींनी सांगितलंय. यावर होस्टेलवरच्या मोठ्या मुलींनी उपाय शोधलाय. नवी मुलगी आली की खोलीत बसवून तिचा आयडी बदलून देतात, नंबर नसलेला करतात. रिक्षावाल्याला नंबर टाकून पैसे पाठवायचे नाहीत, स्कॅनर असेल तरच. नाही तर पर्समध्ये दहा-वीसच्या नोटा ठेवायच्या. संशोधनात याला "सामाजिक प्रभाव" म्हणतात आणि त्याचा अर्थ लावला जातो मित्रांचं बघून वापरणं. इथे तो प्रभाव म्हणजे एका मुलीने दुसरीला दिलेलं संरक्षण आहे. त्या मोठ्या मुली नसत्या तर नव्या मुलींनी ऑनलाइन पैसे देणं सोडून दिलं असतं, असं मला त्यांच्या बोलण्यातून वाटलं.

विश्वासाचंही तसंच. कंपनीच्या नावावर किंवा जाहिरातीवर विद्यार्थी फारसा विश्वास टाकत नाही. अडकलेले पैसे परत आलेले बघितले की टाकतो. दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले पण त्याला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी, असं रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये ठरवून दिलंय. पगारदाराला पाच दिवस काहीच नाहीत. ज्याच्या खात्यात एकूण दोनशे आहेत आणि त्यातले एकशेऐंशी अडकलेत, त्याला ते पाच दिवस रूममेटच्या डब्यावर काढावे लागतात. म्हणून मुलं दोन अ‍ॅप ठेवतात, वॉलेटमध्ये शंभर-दीडशे बाजूला ठेवतात आणि कव्हरच्या आत एक घडी घातलेली नोट. प्रोजेक्टवाले याला "अनेक माध्यमांचा वापर" म्हणतात. मुलं याला बॅकअप म्हणतात आणि तेच बरोबर वाटतं.

कॉलेजच्या कट्ट्यावर मित्रांचा जो दबाव दिसतो तोही मी जवळून पाहिलाय. सहा जण खायला जातात, एक जण बिल भरतो आणि लगेच ग्रुपवर येतं: काँट्री पाठवा रे. पाच मिनिटांत चौघांचे पैसे येतात. सहाव्याकडे यूपीआय नाही, त्याच्याकडे पन्नासची नोट आहे आणि त्याच्या वाट्याला अडतीस आलेत. "राहू दे रे, नंतर दे." हे "नंतर दे" तीन-चार वेळा झालं की तो मुलगा खायला येणंच टाळतो. वर्गात त्याला कोणी दूर लोटलेलं नसतं, सगळे त्याचे चांगले मित्रच असतात. तरी तो येत नाही. पुढच्या महिन्यात तो गावी जातो, दिवस घालवतो आणि नंबर बदलून येतो. विचारलं तर म्हणेल, सोयीचं पडतं. एका टेबलावर पुन्हा बसता यावं म्हणून त्याने ते केलेलं असतं.

आणि काही वेळा तर ही निवड विद्यार्थ्याची नसतेच. नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालय आहे. 2018 मध्ये शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांत भोजन देण्याऐवजी त्याचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. खात्यावर पैसे येणं म्हणजे अधिकार मिळणं, असं आपल्याला वाटतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ताटात जेवण हवं, कारण पैसे उशिरा आले तर उपाशी कोण राहणार? आणि घरात अडचण असेल तर खात्यातले पैसे घरी पाठवल्याशिवाय मुलाला राहवेल का? आम्ही वॉलेटच्या वापराचे आकडे मांडतो तेव्हा या मुलांचाही वापर त्यात धरला जातो, जणू तेही सोय बघून आलेत. मला ते बघवत नाही.

हे सगळं नाशिकमध्ये घडतंय, याचं मला वेगळं अप्रूप आहे. नाशिकरोडची नोटांची प्रेस 1928 पासून चालते. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा नव्या 500 च्या नोटांसाठी तिथे जादा पाळ्या लागल्या होत्या. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेलं. एका बाजूला नोटा छापणारं शहर, दुसऱ्या बाजूला नोट न हाताळता वाढलेली त्याच शहरातली मुलं. आजचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तेव्हा तिसरी-चौथीत होता. त्याला आठवते ती आजोबांची बँकेपुढची रांग.

त्याहून जुनी गोष्ट पांडवलेणीच्या दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर कोरलेली आहे. मुलांना मी तिथे घेऊन जाते. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, 2,000 दरमहा एक टक्क्याने आणि 1,000 दरमहा पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम परत मागायची नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर खर्च चालवायचा. हे निगमसभेत ऐकवलं गेलं, नोंदवलं गेलं आणि वर दगडातही कोरलं गेलं. सुमारे एकोणीसशे वर्षं हा हिशेब भिंतीवर सगळ्यांसमोर उघडा आहे. दानाचा, ठेवीचा, लोकांचा पैसा असा उघड्यावरच असावा. तिथून उतरताना एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग माझ्या चहाचा हिशेब कोणी वाचावा?" मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. बँक वाचते, अ‍ॅप वाचतं आणि वडिलांकडे मेसेज जातो. त्या मुलाचा स्वतःचा हिशेब मात्र महिनाअखेरीला हिस्ट्री उघडून तो स्वतःच वाचतो, तेव्हाच त्याचा होतो. पुष्कळ मुलं हे करतात. खोलीत बसून "अरे, नुसत्या चहावर एवढे?" असं मोठ्याने म्हणतात आणि पुढचा महिना थोडा आखून घेतात.

खर्च हातातून जाताना कळत नाही, हेही तितकंच खरं. 2001 मध्ये प्रीलेक आणि सिमेस्टर या दोन संशोधकांनी एमआयटीतल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावून घेतली होती, आणि कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांनी रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त बोली लावली होती. आमच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना नवल वाटत नाही. "म्हणून तर वॉलेटमध्ये मोजकेच भरतो, मॅडम. संपले की संपले." म्हणजे भरलेली रक्कम हीच त्यांची लगाम असते.

गेल्या वर्षीच्या गटाला मी समोरच्या बाजूलाही पाठवलं, म्हणजे पैसे घेणाऱ्यांकडे. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत एक काकू मेस चालवतात. भिंतीवर स्कॅनर आहे. मुली मुलाखत घ्यायला बसल्या तेव्हा काकू पोळ्या लाटत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "स्कॅनर मुलाच्या खात्याचा आहे गं. पैसे त्याच्याकडे जातात. मला भाजीवालीला द्यायला रोज त्याच्याकडे मागावे लागतात." पूर्वी फडताळात डबा असायचा, त्यात महिन्याचे पैसे पडायचे आणि किल्ली कमरेला. मुलगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मागावे लागतात. त्या मुलींना काकूंचं दुखणं लगेच कळलं, कारण त्याच जात्यात त्या स्वतः होत्या. पुढच्या महिन्यापासून त्या मेसमधल्या बऱ्याच मुली मेसचे निम्मे पैसे रोख देऊ लागल्या. एटीएमपर्यंत चालत जाऊन, मुद्दाम. वॉलेट न वापरण्याचं हे कारण मी आजवर कुठल्याही प्रश्नावलीत पाहिलेलं नाही.

त्या गटाने नंतर काकूंचं बँकेत स्वतःचं खातं उघडायला मदत केली. आता भिंतीवर दोन स्कॅनर आहेत. मेसच्या पैशांसाठी मुली काकूंचाच स्कॅन करतात आणि नव्याने येणाऱ्या मुलीला "डावीकडचा" म्हणून सांगतात.

आमच्या प्रश्नावलीत या वर्षी आम्ही एक प्रश्न वाढवला: तुमच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? उत्तरं यायला लागली आहेत आणि ती वाचताना माझी झोप उडते, कारण "वडिलांचा", "भावाचा" याच्याबरोबर "माहीत नाही" हेही उत्तर पुष्कळांनी दिलंय. ज्या मुलाला आपल्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा ते माहीत नाही, त्याचं खातं दुसरं कोणी वापरून घेऊ शकतं. "थोडे दिवस तुझं खातं दे, कमिशन देतो" म्हणत विद्यार्थ्यांना गाठणारी माणसं शहराशहरांत आहेत, आणि चोरीचा पैसा तिथून फिरला की खातं गोठतं ते त्या मुलाचं.

म्हणून माझं एक मागणं आहे, ते मी प्राचार्यांकडे लेखी दिलंय आणि इथेही लिहिते. जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजात बसचे पास मिळतात, ओळखपत्रं मिळतात. त्याच आवारात दोन दिवस बँकांचे कर्मचारी बसवा. मुलांचे नंबर बदलून द्या, अल्पवयीन खाती मोठी करून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही हे प्रत्येकाला समोर बसवून सांगा आणि फसवणूक झाली तर 1930 ला फोन करायचा हेही. जिथे शाखा तालुक्याची आहे तिथलं पत्र कॉलेजच्या शिक्क्यानिशी पाठवा. सुरगाण्याच्या मुलाचा एक बुडालेला दिवस आणि दोन वेळचं एसटीचं भाडं एवढ्याने वाचतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला टेबलावर बसून आपल्या वाट्याचे अडतीस रुपये देता येतात.